चर खोदले, पण पाणी कोणी मोजलं?

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा रिसर्च मेथडॉलॉजी शिकायला फार उपयोगी आहे. 2016 साली कोरेगाव, वरूड आणि अंबाजोगाई या 3 तालुक्यांत ती सुरू झाली. गावकऱ्यांनी ऐन उन्हाळ्यात श्रमदान करून समतल चर खोदले, बांध घातले. हवामान बदलाशी गावाने कसं जुळवून घ्यावं, याचं उदाहरण म्हणून हे काम सतत सांगितलं जातं. लोकांचा घाम खरा आहे. म्हणूनच मोजणी ढिसाळ असली की मला राग येतो.

मराठवाड्यात 2014 आणि 2015 दुष्काळी गेली, 2016 ला मात्र पाऊस सरासरीहून जास्त पडला. मग विहिरी भरल्या त्या चरांमुळे की पावसामुळे? आधीचे-नंतरचे फोटो हे सांगू शकत नाहीत. तुलनेला भाग न घेतलेलं गाव हवं, तेही तशाच खडकाचं. त्यातही मेख आहे: नाव देणारं गाव बहुधा आधीपासूनच एकजुटीचं असतं. हाच तो सिलेक्शन बायस.

'इतके कोटी लिटर क्षमता' हा आकडा तर खड्ड्याच्या आकारमानाचा. चर एकदाही भरला नाही किंवा चारदा भरला, आकडा तोच!

खरी परीक्षा 2018 ची. त्या ऑक्टोबरात राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या मे महिन्यापर्यंत कोणत्या गावांच्या विहिरी टिकल्या? थीसिससाठी प्रश्न शोधत असाल तर हा घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींपासून सुरुवात करा, आणि पिकांच्या नोंदीही मिळवा. ऊस वाढला असेल, तर पुनर्भरण होऊनही विहीर कोरडीच दिसेल.