भोर समितीचा अहवाल : आराखडा आणि यंत्रणा

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या आरोग्य सर्वेक्षण व विकास समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. आरोग्यधोरणाच्या चर्चेचा आरंभ या अहवालापासून करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मात्र किती रुग्णालये सुचविली आणि किती उभारली, एवढ्यावरच त्याचे परीक्षण बहुधा थांबते. सुचविलेली सुधारणा घडवून आणील अशी शासनसंस्था समितीने कल्पिली होती काय, आणि तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आराखड्याची भव्यता निर्विवाद आहे. दीर्घ मुदतीच्या योजनेत १०,००० ते २०,००० वस्तीस ७५ खाटांचे रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे. तूर्त मात्र ४०,००० वस्तीस एक प्राथमिक केंद्र. उपचार आणि रोगप्रतिबंध ही कार्ये एकत्र नांदावीत, हे यामागील सूत्र. केंद्रीय व प्रांतिक आरोग्यमंत्र्यांचे एक वैधानिक मंडळ असावे आणि केंद्राच्या अनुदानाने प्रांतांस चालना मिळावी, असेही समितीने सुचविले.

अहवालाचे दुबळे स्थान येथेच आहे. मंडळावरील प्रत्येक मंत्री आपापल्या विधिमंडळास जबाबदार असावयाचा. त्यांचे एकमत न झाल्यास काम कोणी रेटावयाचे, याचे उत्तर खाटांच्या गणिताइतके काटेकोर नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात ही उणीव भरून निघण्याऐवजी वाढली. संविधानाने सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत ठेवले. १९५२ साली स्थापन झालेली केंद्रीय आरोग्य परिषद ही अनुच्छेद २६३ खालील केवळ सल्लागार संस्था ठरली. १९६३ च्या कायदेदुरुस्तीने अभियांत्रिकी, वने आणि वैद्यक व आरोग्य अशा तीन अखिल भारतीय सेवांची तरतूद केली. त्यांपैकी १९६६ साली एकटी वनसेवा जन्मास आली. आरोग्यसेवा कागदावरच राहिली. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक केंद्रे परिषदेकडे गेली, तर जिल्हा रुग्णालय राज्य शासनाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाती राहिले. समितीने जे जोडू पाहिले, ते जिल्ह्याच्या पातळीवरच दुभंगले.

दारिद्र्यामुळे हे घडले, असा आक्षेप येईल. परंतु द्रव्याच्या अभावाने खाटा कमी का पडल्या एवढेच कळते. अधिकार विखुरलेला का राहिला, हे त्याने उलगडत नाही. केंद्राच्या हाती सत्ता एकवटल्यास राज्यांचे स्वातंत्र्य जाईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तथापि समाईक सेवावर्ग आणि बंधनकारक किमान मानके म्हणजे केंद्राची हुकमत नव्हे.

२०१९ साली राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण अस्तित्वात आले. रुग्णालयीन उपचारांची देयके भागविणाऱ्या योजनेसाठी निधी, अधिकार व कर्मचारी असलेली संस्था उभी करता येते, हे त्याने दाखविले. गावपातळीवरील रोगप्रतिबंधाला मात्र अद्याप तशी धनी संस्था लाभलेली नाही. तेव्हा भोर समितीच्या अहवालातून आज घ्यावयाचा बोध हा की, आराखड्याच्या पहिल्या पानावरच तो राबविणाऱ्या यंत्रणेचे नाव, अधिकार आणि उत्तरदायित्व लिहिले गेले पाहिजे.