बालसखीच्या कपाळावरचा व्रण

गोरेगावच्या चित्रनगरीत नितीन चंद्रकांत देसाई यांनी 'देवदास'चे भव्य नेपथ्य उभारले आणि २००२ मध्ये संजय लीला भन्साळी यांचा हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची चर्चा बहुधा या वैभवापाशीच थांबली. शरच्चंद्रांच्या १९१७ मधील कादंबरीतली एक साधी वस्तू मात्र त्यात बदलली आहे.

कादंबरीत लग्न ठरलेल्या पार्वतीच्या कपाळावर देवदास तळ्याकाठी गळाच्या काठीने प्रहार करतो. लहानपणीही त्याने तिला गळासाठी बांबू तोडताना असेच मारलेले असते; आणि मार पंतोजींनी दिला, असे तिने घरी खोटेच सांगितलेले असते. ही काठी, म्हणजे, बालपणातून आलेली आहे. प्रेमाच्या आड कुळ येते, प्रतिष्ठा येते, हे खरेच. परंतु रात्री स्वतः चालून आलेल्या पार्वतीपुढे देवदास कचरतो आणि मागाहून कलकत्त्याहून पत्राने तिला नाकारतो, याचा उलगडा केवळ कुलाभिमानाने होत नाही. जी सदैव हाताशीच होती, तिची निवड करावी लागते, हे त्याला उमगतच नाही. अधिकार त्याचा, सोसणे तिचे, ही वाटणी खेळगड्यांच्या वयातच होऊन गेली होती. (पत्र टाकल्यावरची त्याची तगमग याच जाणिवेची उशिरा झालेली सुरुवात होय.)

भन्साळींचा देवदास काठीऐवजी हाराने मारतो. व्रण तोच, पण हार लग्नघरचा. परिणामी ही हिंसा विरहाच्या क्षणिक उद्रेकात जमा होते आणि बालमैत्री निरागस म्हणून सुटते. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्रांना घरचाच लेखक मानणाऱ्या मराठी वाचकाने तरी ती इतक्या सहजी सोडू नये.