पेरिप्लसमधील व्यापारी शब्द आणि त्यांचीं भाषांतरें

१. प्रास्ताविक

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तकडील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या जलमार्गाची जी माहितीवही लिहिली, ती ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. भडोच, सोपारें, कल्याण, चेऊल, पैठण व तेर हीं आपलीं स्थळें तींत येतात. यामुळें महाराष्ट्राच्या प्राचीन व्यापाराविषयीं लिहिणारा प्रत्येक लेखक तिचा आधार घेतो. परंतु बहुतेकांचा आधार मूळ ग्रीक ग्रंथाचा नसून इंग्रजी भाषांतराचा असतो. मॅक्क्रिंडल यांचें १८७९ चें, शॉफ यांचें १९१२ चें व कॅसन यांचें १९८९ चें, अशीं तीन भाषांतरें आपल्याकडे विशेष वापरांत आहेत. पहिलीं दोन फ्रिस्क यांची १९२७ ची शुद्ध केलेली संहिता निघण्यापूर्वींचीं आहेत. कॅसन यांस तिचा लाभ झाला. तिन्ही भाषांतरें परिश्रमपूर्वक केलेलीं आहेत यांत शंका नाहीं. तथापि व्यापार व धंदे यांच्या परिभाषेंत तीं एकमेकांपासून कोठें व कां दूर जातात, आणि त्या अंतरावर आपल्याकडे कसे सिद्धांत उभे राहतात, हें तपासणें अगत्याचें आहे. त्यासाठींच हा लेख.

२. ‘एम्पोरिऑन’ : बंदर कीं पेठ?

ग्रंथांत वारंवार येणारा शब्द ‘एम्पोरिऑन’ हा होय. शॉफ यांनीं त्याचा अर्थ बाजाराचें गांव असा केला. कॅसन यांनीं व्यापाराचें बंदर असा केला. मराठी लेखक सरसहा ‘बंदर’ लिहितात. बहुतेक ठिकाणीं त्यानें बिघडत नाहीं, कारण वर्णन किनाऱ्याचेंच आहे. परंतु ५१ व्या कलमांत ग्रंथकार दक्षिणापथांतील दोन सर्वांत नामांकित ‘एम्पोरिआ’ म्हणून पैठण व तगर, म्हणजे आजचें तेर, यांचीं नांवें घेतो. पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असें तो म्हणतो; तेथला माल गाड्यांवर घालून वाट नसलेल्या मुलखांतून भडोचेस येतो, हेंही सांगतो. गोदाकांठच्या पैठणास बंदर म्हणणें म्हणजे ग्रंथकारास न पाहिलेल्या समुद्राची साक्ष द्यावयास लावणें होय.

आमच्या मतें येथें ‘पेठ’ हाच शब्द योग्य. तो समुद्राकांठीं व घाटावर सारखाच लागतो, आणि परस्थ व्यापारी जेथें उतरून देवघेव करतो असें ठिकाण हा जो मूळ शब्दाचा गाभा, तोही त्यांत राहतो. या एका शब्दाच्या फेरानें पैठण, तेर, कल्याण व भडोच हीं एका व्यवहाराचीं ठाणीं होतीं ही गोष्ट नजरेंत भरते; ‘बंदर’ शब्दानें ती झांकली जाते.

३. कल्याणची ‘एन्थेस्मॉन’ पेठ

खरा वाद ५२ व्या कलमाचा आहे. ग्रंथकार म्हणतो कीं, कल्याण हें नगर थोरल्या सरगनाच्या काळीं ‘एम्पोरिऑन एन्थेस्मॉन’ होतें. पुढें संदनानें तें घेतल्यावर त्यास फार अडथळा झाला. आणि जीं ग्रीक गलबतें योगायोगानें या भागांत शिरतात तीं पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जातात. सरगन हा सातकर्णी होय, असें सामान्यतः मानतात.

‘एन्थेस्मॉन’ या विशेषणाचा अर्थ मॅक्क्रिंडल यांनीं नियमित पेठेच्या दर्जाचें असा केला, शॉफ यांनीं कायदेशीर असा केला, आणि कॅसन यांनीं जेथें सर्व कांहीं कायद्याप्रमाणें चालतें असें, असा केला. पहिल्या दोन अर्थांत पेठेचा दर्जा सांगितला आहे. तिसऱ्यांत पेठेंतील वर्तन. फरक लहान दिसतो, पण त्यावर बरेंच अवलंबून आहे. वर्तनाचा अर्थ घेतला तर संदनाच्या काळीं कल्याणांत बेबंदशाही झाली असें अनुमान निघतें, आणि तसें तें काढलेंही जातें. दर्जाचा अर्थ घेतला तर एवढेंच निघतें कीं, परदेशी गलबतांस उघडी म्हणून राजसत्तेनें मान्य केलेली पेठ नव्या सत्तेनें बंद केली.

या वादाचा निकाल ग्रंथांतच मिळतो. २३ व्या कलमांत अरबस्तानच्या खरिबएल राजास हेंच विशेषण लाविलें आहे. तेथें दोन जमातींचा मान्यताप्राप्त, वैध राजा एवढाच अर्थ संभवतो. ‘ज्याच्याकडे सर्व कांहीं कायद्यानें चालतें असा राजा’ हा अर्थ तेथें ओढून आणावा लागेल. एकाच लेखणीनें लिहिलेला शब्द दोन ठिकाणीं दोन तऱ्हांनीं लावण्यास सबळ कारण पाहिजे, व तें येथें दिसत नाहीं. म्हणून या एका ठिकाणीं सर्वांत नवें भाषांतर मागें सारून जुन्या दोहोंकडे वळावें लागतें.

मात्र जुन्यांचाही एक दोष येथेंच दाखविला पाहिजे. मूळांत अडथळा पुष्कळ झाला एवढेंच आहे. मॅक्क्रिंडल यांनीं त्यास कडक निर्बंधांचें रूप दिलें. कोणी, कोणत्या हेतूनें, हें ग्रंथकारानें सांगितलेलें नाहीं. तसेंच पहाऱ्याबद्दलचा ग्रीक शब्द संरक्षण व कैद या दोहोंसही लागू पडतो. आपला ‘पहारा’ शब्दही तसाच दुहेरी आहे. तो तसाच ठेवावा आणि अर्थाचा निर्णय टीपेंत चर्चावा. भाषांतरकारानें मूळाची संदिग्धता मिटविण्याचा अधिकार आपल्याकडे घेऊं नये.

४. होड्या आणि कापड

व्यापारी शब्दांचा ओघ एकाच दिशेनें वाहत होता असा पुष्कळांचा समज आहे. ४४ व्या कलमानें तो दूर व्हावा. नर्मदेच्या मुखाशीं वाट अवघड असल्यामुळें राजाच्या चाकरींतील स्थानिक मासेमार ‘त्रप्पग’ व ‘कोतुंब’ नांवाच्या लांब होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जातात व गलबतांस वाट दाखवितात, असें तेथें आहे. हे शब्द ग्रीक नव्हेत. १९५७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘अंगविज्जा’ या प्राकृत ग्रंथांत होड्यांच्या नांवांत ‘तप्पक’ व ‘कोट्टिंब’ हे शब्द आले, तेव्हां ही गोष्ट निर्विवाद झाली. ग्रीक खलाशानें जी होडी घरीं पाहिली नव्हती तिचें नांव त्यानें येथूनच उचललें. मिऱ्यास ‘पेपेरि’ व कापसास ‘कार्पसोस’ हे ग्रीक शब्दही याच वाटेनें, अनुक्रमें पिप्पली व कार्पास या शब्दांपासून गेलेले आहेत.

कापडाविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, तगराहून येणाऱ्या मालांत ‘सिन्दोन’ नांवाचें वस्त्र आहे. शॉफ त्यास मलमल म्हणतात. कॅसन सुती वस्त्र म्हणतात. मलमल म्हटली कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें ढाक्याचें तलम कापड येतें. त्याच वाक्यांत साध्या जाड्याभरड्या कापडाचाही मोठा सांठा सांगितला आहे, हें विसरलें जातें. येथें कॅसन यांचाच अर्थ सुरक्षित आहे. तगरचा व्यापार मुख्यत्वें सामान्य माणसाच्या हातमागावर चालत होता.

५. धंद्यांचीं नांवें

आतां तो हातमाग चालविणाऱ्यांकडे वळूं. ग्रीकांशीं इतका व्यवहार असतां धंद्यांच्या नांवांवर त्याचा कांहीं ठसा उमटला काय? पश्चिम महाराष्ट्रांतील लेण्यांचे लेख याचें उत्तर स्पष्ट देतात. वढकि (सुतार), गंधिक, सेठि, हालिक, मालाकार. जुन्नरास वंसकार, कासाकार व धान्यव्यापारी यांच्या श्रेणी. नाशिकास कुलरिक (कुंभार), ओदयंत्रिक व तिलपिषक. यांत एकही ग्रीक शब्द नाहीं. कार्ले, जुन्नर व नाशिक येथें दान देणारे स्वतःस ‘यवन’ म्हणविणारे दातेही प्राकृतांतच लिहितात, आणि त्यांच्यांपैकीं इंद्राग्निदत्त, धम्म, चंद अशीं नांवें धारण करणारे पुष्कळ आहेत. नहपानाच्या नाण्यांवर तर ग्रीक अक्षरें आहेत, पण त्या अक्षरांनीं लिहिलेले शब्द प्राकृत आहेत. लिपी आली, भाषा आली नाहीं.

या नांवांपैकीं एकाबद्दल मराठी वाचकांस सावध करणें जरूर आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील दोन ‘कोलिकनिकायां’कडे ३,००० कार्षापण ठेवल्याचा लेख आहे. ‘कोलिक’ दिसतांच आपल्या मनांत कोळी येतो. परंतु हा शब्द संस्कृत ‘कौलिक’, म्हणजे विणकर, याचें रूप आहे. मासेमार हा अर्थ येथें सर्वथा अप्रस्तुत होय. विणकर हा अर्थ मराठींतून अगदींच गेला असेंही नाहीं. जाळें विणणाऱ्या कीटकास आपण कोळी म्हणतों आणि त्याच्या विणकामास कोळिष्टक. आमच्या समजुतीप्रमाणें जुन्या कोलिकाची आठवण तेथें उरली आहे.

त्या ठेवीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २,००० कार्षापण दरमहा शेंकडा १ या व्याजानें. वर्षाचें व्याज २४० झालें. त्यांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे. तेही २४० च होतात. उरलेले १,००० दरमहा शेंकडा पाऊण दरानें. त्याचे ९० येतात. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याजच खर्च करावयाचें. आणि हें सर्व निगमसभेंत ऐकवून फलकावर नोंदलेलें. राजाचा जांवई आपला पैसा विणकरांच्या हातीं विश्वासानें देतो, अशी ही श्रेणी होती.

प्रस्तुत लेखक डिलाईल रोडवर राहतो. या रस्त्यास आतां कामगारपुढारी ना. म. जोशी यांचें नांव आहे. येथील चाळींतून साचेखात्यांत कामास जाणारा विणकर आपल्या धंद्याचे शब्द बोले ते असे : जॉबर, मुकादम, बदली, पाळी. पहिला इंग्रजी, मुकादम व बदली मूळचे अरबी. ‘विणणें’ हें क्रियापद मात्र त्याचें स्वतःचें. काम देणारा व काम काढून घेणारा ज्या भाषेंतून आला त्या भाषेनें अधिकाराचे शब्द दिले. हाताच्या कामाचा शब्द जुना राहिला. पेरिप्लसच्या काळीं असे अधिकाराचे शब्द ग्रीक झाले नाहींत, कारण ग्रीक येथें गिऱ्हाईक म्हणून आला होता, धनी म्हणून नव्हे. गोवर्धनच्या विणकराकडे राजकुळाची ठेव असे. गिरणगांवच्या विणकरास सावकाराकडून कर्ज काढावें लागे, आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर तर त्याच्या धंद्याचे शब्दही चाळींतून विरळ होत गेले. शब्दांचा हा हिशेब केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाहीं, तो एवढ्यासाठीं.

६. ‘दाम’ शब्दाविषयीं

शेवटीं एका लोकप्रिय उदाहरणाची परीक्षा करूं. दाम, छदाम, दामदुपट यांतील ‘दाम’ हा प्राकृत ‘द्रम्म’ व तो ग्रीक ‘द्राख्मे’ यापासून आला, ही व्युत्पत्ति बरोबर आहे. डिलाईल रोडपासून हांकेच्या अंतरावर असलेल्या परळ येथें सांपडलेल्या शिलाहार अपरादित्याच्या बाराव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखांत २४ द्रम्मांचें दान नोंदलें आहे. यावरून पुष्कळजण म्हणतात कीं, यवन व्यापाऱ्यांनीं हा शब्द कोंकणच्या बंदरांत उतरविला.

हें मात्र सिद्ध होत नाहीं. पेरिप्लस सांगतो कीं, अपलोदत व मिनँडर यांच्या जुन्या द्राख्मा भडोचेंत चालत होत्या. म्हणजे नाणें होतें. नहपानाचें रुप्याचें नाणेंही त्याच घडणीचें. पण त्याच्याच जांवयाच्या लेखांत त्यास कार्षापण म्हटलें आहे. द्रम्म शब्द नाहीं. उत्तरेंत सीयडोणी येथील दहाव्या शतकाच्या लेखांत द्रम्म सर्रास दिसतो, आणि कोंकणांत शिलाहारांच्या लेखांत. मधल्या कित्येक शतकांचें अंतर गलबतांनीं भरून निघत नाहीं. हा शब्द उत्तरेकडून खुष्कीच्या वाटेनें आला असण्याचा संभव अधिक. मूळ ग्रीक असणें निराळें आणि ग्रीकाच्या तोंडून घेणें निराळें. केंद्र, होरा, जामित्र हे ज्योतिषांतील शब्दही मूळचे ग्रीक, पण तेही पेठेंतून नव्हे, ग्रंथांतून आलेले आहेत.

७. उपसंहार

सारांश, पेरिप्लसच्या उपयोगाचे तीन नियम सुचवावेसे वाटतात. भाषांतरांत मतभेद असेल तेथें मूळ शब्द ग्रंथांत अन्यत्र कसा येतो तें पाहावें. ग्रीक शब्दापुढें मराठी शब्द ठेवितांना त्याच काळच्या लेण्यांतील प्राकृत शब्द आधीं विचारावा. आणि एका व्युत्पत्तीवरून व्यापाराचा इतिहास रचूं नये. मूळ ग्रीकावरून केलेलें, समोर लेण्यांतील धंद्यांचे शब्द दिलेलें सटीप मराठी भाषांतर हें काम एकट्याचें नव्हे. ग्रीक जाणणारा व लेख वाचणारा असे दोघे एकत्र बसले तरच तें नीट होईल. त्यांच्या शेजारीं साचेखात्यांत हयात घालविलेला एखादा वृद्ध विणकरही बसवावा. तगरच्या जाड्याभरड्या कापडाविषयीं तो त्या दोघांनाही चार गोष्टी सांगेल.

डिलाईल रोड, मुंबई.