खुलासा नसणे हाच पुरावा?

अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी 1946 मध्ये सहा तान्ह्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेले, हातापायांची हाडे ठिकठिकाणी मोडलेली, आणि घरच्यांकडे त्याचे कारण नाही. 1962 मध्ये हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी त्यापुढे जाऊन मारहाण झालेल्या बालकाच्या लक्षणसमूहाला नावच दिले. आईबाप मुलाला मारू शकतात हे डॉक्टरांना मान्य करायला लावणारे हे काम होते, आणि त्याचे ऋण मोठे आहे. पण तेव्हापासून 'कारण सांगता येत नाही' हे वाक्य पालकांच्या तोंडी आले की ते कबुलीसारखे ऐकले जाऊ लागले.

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्याचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. एका बाळाच्या अंगात अनेक बारीक अस्थिभंग आढळले. 2004 मध्ये न्यायालयाने पालकांना जबाबदार धरले आणि 2005 च्या डिसेंबरात तिन्ही मुले दत्तक गेली. नंतर नव्या तज्ज्ञांनी वेगळी शक्यता मांडली. बाळ दूध नीट घेत नव्हते, ते सोया दुधावर होते, तेव्हा हाडे स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने, कमकुवत झाली असावीत. 2009 मध्ये अपील न्यायालयाने अन्याय झाला असण्याची शक्यता गृहीत धरली, पण दत्तकविधान मोडण्यास नकार दिला. मुले नव्या घरात रुजली होती, हे कारण पोकळ नव्हे. मला खटकते ते आधीचे. पहिल्या सुनावणीत तज्ज्ञांचे एकमत होते आणि त्या एकमतालाच सत्य मानले गेले. बाळ काय खात होते, हा स्वयंपाकघरातला साधा प्रश्न निकालाच्या केंद्रस्थानी आलाच नाही.

लंडनच्या दुसऱ्या खटल्यात बाळ दगावले आणि तरुण आईबापांवर खुनाचा आरोप आला. शवविच्छेदनात मुडदूस आढळला, आई ड जीवनसत्त्वात उणी होती. 2011 च्या डिसेंबरात दोघे सुटले. 2012 च्या एप्रिलमध्ये कौटुंबिक न्यायालयानेही इजा पालकांनी केल्याचे सिद्ध झाले नाही असे ठरवले.

याला दुसरी बाजूही आहे. डॉ. कॉलिन पॅटरसन यांनी 'तात्पुरता ठिसूळ हाडांचा आजार' अशी कल्पना मांडून अनेक पालकांच्या वतीने साक्षी दिल्या. न्यायाधीशांनी त्यांच्यावर कडक टीका केली आणि 2004 मध्ये त्यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. सोयीचा आजार शोधणे हेही बाळाशी वैरच. चालता न येणाऱ्या मुलाचे हाड मोडले तर संशय घ्यायलाच हवा.

आपल्याकडे धोका कायद्याच्या एका कलमात आहे. पुरावा अधिनियमाचे कलम 106, आताच्या साक्ष अधिनियमाचे 109, म्हणते की जी गोष्ट एखाद्याच्या विशेष माहितीतली, ती त्यानेच सिद्ध करावी. 2006 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींआडच्या गुन्ह्यात घरच्यांनी पटेल असा खुलासा द्यावा, असे म्हटले. पण याच न्यायालयाने 1956 मध्ये बजावले होते की या कलमाने सरकार पक्षाचे मूळ ओझे आरोपीवर जात नाही. कलमातले उदाहरण पाहा: विनातिकीट प्रवासाचा आरोप असलेल्याने तिकीट दाखवावे. तिकीट खिशात असते. बाळाच्या हाडातला चुना आईच्या 'विशेष माहितीत' कसा असणार?

केडगावात आजही कित्येक घरांत सव्वा महिना बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत असतात. तेल भरपूर लागते, ऊन मात्र फारसे लागत नाही. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना पहिल्या वर्षभर रोज 400 एकक ड जीवनसत्त्व द्यायला सांगते, ते थेंब किती घरांत पोहोचतात? अशा घरातले बाळ मोडलेल्या मांडीने नगरच्या दवाखान्यात गेले, तर एमएलसीचा कागद भरावाच. पण त्याच दिवशी पूर्ण सांगाड्याची क्ष-किरण चित्रे, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व आणि आईचे रक्तही तपासले जावे. मालिश कोण करते, कशी करते, हे विचारून लिहून घ्यावे. बाळाला लगेच दुसरीकडे सुरक्षित ठेवायचे असेल तर ठेवावे, पण आईने काय केले याचा निष्कर्ष हे अहवाल हाती येईपर्यंत त्या कागदावर लिहू नये.