लोथारचा शर्ट

वर्तमानपत्रातल्या कॉमिक स्ट्रिपमध्ये राहणाऱ्या माणसांची एक चैन असते. त्यांचं वय वाढत नाही. ‘ब्लाँडी’तल्या डॅगवुडचं लग्न १९३३ साली झालं. आज नव्वद वर्षं उलटून गेली, तरी हा गृहस्थ ऑफिसला उशीर झाला म्हणून धावत सुटतो आणि दारातच पोस्टमनवर आदळतो. ना गुडघेदुखी, ना पेन्शन.

वय थांबलं तरी या मंडळींना लाज मात्र हळूहळू येत जाते. ती केव्हा येते, याचं गणित सोपं आहे. ज्याला हसायचं, तोच पैसे मोजून पेपर वाचू लागला की येते. त्याआधी नाही.

लोथारचंच बघा ना. ली फॉक यांनी १९३४ मध्ये जादूगार मँड्रेकला जन्माला घातलं आणि सोबतीला हा लोथार दिला. हा कोण, तर आफ्रिकेतल्या सात जमातींचा राजपुत्र. आता राजपुत्र म्हणावं, तर अंगावर बिबट्याचं कातडं, खाली आखूड चड्डी आणि डोक्यावर फेज टोपी. म्हणजे एकाच देहावर आफ्रिका आणि तुर्कस्तान दोन्ही उरकून घेतलेले! राज्यावर पाणी सोडून तो एका जादूगाराच्या मागे हिंडणार आणि इंग्रजी बोलणार, तेही मोडकंतोडकं. मँड्रेक नुसता हात हलवून समोरच्याला वाट्टेल ते दाखवू शकत असे. पण एवढ्या विद्वानाला तीस वर्षांत सोबत्यासाठी एक शर्ट आणि थोडं व्याकरण काही पैदा करता आलं नाही.

ते आलं १९६५ मध्ये, फ्रेड फ्रेडरिक्स या नव्या चित्रकाराबरोबर. आदल्याच वर्षी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला होता. काळ्या माणसांनी त्यासाठी रस्त्यावर येऊन मार खाल्ला होता. लोथार एकदम शुद्ध बोलू लागला. शिकवणी कुणाची लावली, हे विचारायचं नाही. कपडेही सुधारले. फक्त शर्टावर पुष्कळदा बिबट्याचे ठिपके असत! मला सगळा मामला त्या ठिपक्यांत दिसतो. कातडं उतरवलं, पण नक्षी सोडवेना.

आपल्याकडे हीच दुरुस्ती किती चपळाईने झाली! फँटम, म्हणजे आपला वेताळ, १९३६ सालचा. मूळ कथेत त्याचे हाडवैरी चाचे ‘सिंग’ नावाचे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं, आणि सिंगांचे ‘सिंगा’ झाले. वेताळाचा ‘बेंगाली’ नावाचा मुलूख ‘डेंकाली’ झाला. साहजिकच आहे हो. भायखळ्याच्या स्टॉलवर एखादे सरदारजी मुलाला कॉमिक घेऊन देताहेत आणि आत आडनावबंधू जहाजं लुटताहेत, असं झालं तर स्टॉलवाल्याने करायचं काय? पण वेताळाच्या सेवेतले ते बुटके पिग्मी? त्यांच्यापैकी कुणी अंधेरीला राहत नव्हतं. त्यांची सेवा चालू राहिली. एका गोऱ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुखवटा घालून जंगलाचा न्यायनिवाडा करावा, ही कल्पना स्वतंत्र होऊन सतरा वर्षं झालेला देश आवडीने विकत घेत होता.

पत्र लिहिणारं कुणी निघालं, तर फरक पडतो. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा लॉस एंजेलिसच्या एका शिक्षिकेने ‘पीनट्स’च्या चार्ल्स शुल्झना लिहिलं, तुमच्या मुलांत एक काळं मूल येऊ द्या. शुल्झ आधी कचरले. उपकार केल्यासारखं दिसेल, ही भीती. पण ३१ जुलैला समुद्रकिनाऱ्यावर फ्रँकलिन आला, तो चार्ली ब्राउनचा चेंडू परत द्यायला. ना भाषण, ना कातडं, ना ठिपके. साध्या पोरासारखं पोर. तरी पुढे तो गोऱ्या मुलांबरोबर एका वर्गात बसलेला दिसला, तेव्हा दक्षिणेतल्या एका संपादकाला ते खुपलंच.

ब्लाँडीचं प्रकरण घरगुती. १९३० मध्ये आली तेव्हा ती नाचरी, चैनी मुलगी. डॅगवुड रेल्वेसम्राटाचा मुलगा. तिच्याशी लग्न करू द्यावं म्हणून त्याने उपोषण केलं (ही युक्ती आपल्याकडून गेली असावी), आणि बापाने त्याला वारसा नाकारला. पुढे ब्लाँडीने जवळजवळ साठ वर्षं घर सांभाळलं आणि १९९१ मध्ये केटरिंगचा धंदा काढला. तोवर तिच्या कितीतरी वाचक बायका नोकरी करून रिटायर व्हायला आल्या होत्या. ‘बीटल बेली’तल्या जनरलसाहेबांना तर सेक्रेटरीकडे टक लावून बघणं सोडायला १९९७ उजाडावं लागलं. तेही वागणूक सुधारण्याच्या वर्गाला धाडल्यावर!

आता कुणी म्हणतात, जुन्या स्ट्रिप पुन्हा छापताना त्याही दुरुस्त करून घ्या. मला हे पटत नाही. १९३४ च्या लोथारला आज सूट चढवला, तर अब्रू लोथारची वाचत नाही, त्याला कातडं नेसवणाऱ्यांची वाचते. आहे तसा छापा, तारखेसकट. नातवंडं विचारतील, “आजोबा, याने असं का घातलंय?” आजोबांनी द्यावं उत्तर. ते देताना त्यांचं व्याकरण लोथारच्या वळणावर जाणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.