लघुशोधप्रबंधाचा आराखडा : एका मसुद्याची चिकित्सा

पदवीनंतर तुम्ही क्रीडा व्यवस्थापनाकडे वळलात, तर लघुशोधप्रबंधाआधी तुमच्याकडे त्याचा आराखडा मागितला जाईल. शीर्षक, समस्या विधान, उद्दिष्टे, पूर्वसंशोधनाचा आढावा, नमुना निवड, साधने आणि वेळापत्रक हे रकाने भरले की आराखडा झाला, अशी समजूत सर्रास आढळते. ती किती महागात पडते, हे पाहण्यासाठी आपण एक मसुदा तपासू. मसुदा या पाठासाठी रचलेला आहे, पण त्यातील चुका नेहमीच्या आहेत.

शीर्षक आहे : 'तंजावर जिल्ह्यातील जल्लिकट्टूचे व्यवस्थापन : एक अभ्यास'. जल्लिकट्टू हा तमिळनाडूतील खेळ. 'वाडीवासल' नावाच्या अरुंद दारातून बैल सोडतात आणि खेळाडू त्याचे वशिंड धरून टिकून राहण्याचा प्रयत्न करतो. तंजावरजवळ तिरुक्कानूरपट्टीसारख्या गावांत तो होतो. विषय उत्तम आहे. अडचण पुढे सुरू होते.

१. प्रस्तावना

मसुद्याची पहिली तीन पाने इतिहासाची आहेत : १६७६ ते १८५५ पर्यंतचे भोसल्यांचे राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिर. मराठी विद्यार्थ्याला तंजावर म्हटले की हे आठवणारच. पण यातली एकही ओळ पुढे कामाला येत नाही. कसोटी सोपी आहे. परिच्छेद काढून टाकल्यावर संशोधनाचा प्रश्न तसाच राहत असेल, तर तो परिच्छेद ठेवू नका.

२. पूर्वसंशोधनाचा आढावा

येथे न्यायालयीन निकालांची यादी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूवर बंदी घातली. २०१७ मध्ये तमिळनाडूने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. तारखा बरोबर आहेत, पण विद्यार्थ्याने निकाल वाचलेला दिसत नाही. घटनापीठाने नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला आणि ती जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी व सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली. म्हणजे कठडे, पशुवैद्यकीय तपासणी आणि परवानगी या व्यवस्थापनाच्या बाबींवर आता या खेळाचे कायदेशीर अस्तित्व टेकले आहे. मसुद्याला हवा असलेला प्रश्न येथेच होता आणि विद्यार्थी त्याच्या बाजूने निघून गेला. आढावा लिहिताना 'काय झाले' यावर थांबू नका, 'त्यामुळे कोणाला काय करावे लागते' हे विचारा.

३. साधन आणि नमुना

पुढे २०० प्रेक्षकांसाठी पाच पर्यायांची प्रश्नावली आहे : 'आयोजनाबाबत आपण समाधानी आहात का?' समजा, सत्तर टक्के समाधानी निघाले. त्यावरून जिल्हाधिकाऱ्यांनी पुढच्या वर्षी कोणता निर्णय बदलावा? काहीच सांगता येत नाही. शिवाय ही प्रश्नावली सज्ज्यात बसलेल्यांना गाठते. धोका फक्त रिंगणात नसतो. बैल रिंगणाबाहेर पडल्यावर मालक त्याला पुन्हा दोर लावतात, त्या जागीही मालक आणि बघे जखमी झाल्याच्या बातम्या अनेकदा येतात. तेथे उभ्या असलेल्या माणसाला ही प्रश्नावली काहीच विचारत नाही. सोयीचे साधन आधी निवडले की प्रश्न त्याच्या मापाने कापला जातो. या मसुद्यात कापला गेला तो माणसांच्या जिवाशी संबंधित भाग.

४. वेळापत्रक

सर्वांत मोठी चूक सर्वांत शेवटी आहे. क्षेत्रकार्य जुलै ते ऑक्टोबर दाखवले आहे. राज्याच्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे जल्लिकट्टू जानेवारी ते मे या महिन्यांतच होतो. हा विद्यार्थी गावात पोचेल तेव्हा तेथे ना रिंगण असेल ना बैलांची रांग, आणि पुढच्या हंगामापर्यंत पदवी लांबेल. कायदा एकदा नीट वाचला असता, तर वर्ष वाचले असते.

५. दुरुस्ती कशी करावी

शीर्षक असे करता येईल : 'तंजावर जिल्ह्यातील दोन गावांच्या जल्लिकट्टूमध्ये बैल पुन्हा बांधण्याच्या जागेची सुरक्षा : जबाबदारीचे वाटप आणि प्रत्यक्ष व्यवहार'. आता बाकीचे रकाने जवळजवळ आपोआप ठरतात. परवानगीच्या अटी आयोजकांकडून किंवा माहितीच्या अधिकाराखाली मागवता येतात. प्रत्यक्ष दिवशी निरीक्षण तक्ता भरता येतो : बैल रिंगणाबाहेर पडल्यापासून दोर लागेपर्यंत किती वेळ गेला, त्या वेळी कठड्याच्या आत किती माणसे होती, त्यांना थांबवणारे कोणी होते का. मग आयोजक, पशुवैद्यक, पोलीस आणि बैलमालक यांच्या मुलाखती. तमिळ येत नसेल तर दुभाष्याची तरतूद आराखड्यातच लिहा. जखमींशी बोलणार असाल, तर संमती आणि नाव गुप्त ठेवण्याची पद्धतही लिहा. दोन गावांवरून संपूर्ण जिल्ह्याबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, ही मर्यादा स्वतःच नोंदवा. तसेच, मदुराई जिल्ह्यात अलंगानल्लूरजवळ जानेवारी २०२४ मध्ये कायमस्वरूपी रिंगण सुरू झाले. तेथील अनुभव तात्पुरते कठडे बांधणाऱ्या गावाला जसाच्या तसा लावू नका.

या मसुद्यात मेहनत कमी पडलेली नाही. कमी पडला तो एक प्रश्न : या संशोधनाचे उत्तर कोणाला हवे आहे आणि ते मिळाल्यावर तो काय वेगळे करेल? आराखड्याचा पहिला रकाना भरण्याआधी हे एका वाक्यात लिहून पाहा. वाक्य जमत नसेल, तर तुमच्याकडे विषय आहे, पण प्रश्न अजून सापडलेला नाही.

स्वाध्याय : महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मोकळी केली आणि २०२३ च्या निकालात राज्याचा कायदाही वैध ठरला. तुमच्या तालुक्यातील एका शर्यतीसाठी असे एक वाक्य लिहा. त्यात निर्णय घेणारी व्यक्ती कोण आहे, ते अधोरेखित करा.