झेब्र्याचा दृष्टान्त आणि माणसाची चिंता

रॉबर्ट सॅपोल्स्की यांचें 'झेब्र्यांना अल्सर कां होत नाहींत' अशा अर्थाच्या नांवाचें इंग्रजी पुस्तक १९९४ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. आमच्यापुढें आहे ती २००४ सालची तिसरी आवृत्ति. शास्त्रज्ञानें सामान्य वाचकासाठीं लिहिलेल्या ग्रंथाला दोन प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें. विषय सोपा करतांना त्यानें तो खोटा तर केला नाहीं ना? आणि वाचकाच्या पदरीं शेवटीं काय पडतें?

ग्रंथाचा सिद्धान्त थोडक्यांत असा. सिंह मागें लागला म्हणजे झेब्र्याच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथि कॉर्टिसोल हें संप्रेरक रक्तांत सोडतात. स्नायूंना साखर मिळते. पचन, वाढ, प्रजनन हीं कामें तहकूब होतात. घटकाभरांत झेब्रा सुटतो किंवा मरतो, आणि ताण संपतो. माणूस मात्र कर्ज, नोकरी आणि म्हातारपण यांच्या चिंतेनें तीच यंत्रणा वर्षानुवर्षें चालू ठेवतो.

पहिल्या प्रश्नाला हा ग्रंथ चांगला उतरतो. मेंदूंतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा भाग या संप्रेरकाला विशेष ग्रहणशील आहे, हें ब्रूस मॅक्ईवेन व त्यांचे सहकारी यांनीं १९६८ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दाखविलें. पण लेखक येथें संप्रेरकाला खलनायक करीत नाहींत. अल्पकाळाच्या ताणानें स्मृति तल्लख होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणानें तेथील पेशींच्या शाखा खुरटतात, व ताण सरल्यावर त्या पुष्कळशा पुन्हा फुटूंहि शकतात. रोगप्रतिकारक शक्तीचीहि हीच कथा. ताणाच्या आरंभीं ती वाढते. मग कॉर्टिसोल तिला लगाम घालतें, नाहीं तर ती स्वतःच्याच शरीरावर उलटेल. लगाम फार काळ ओढलेला राहिला, तरच ती क्षीण होते.

याच विवेकानें लेखकांनीं एका लोकप्रिय भ्रमावर शस्त्र चालविलें आहे. मन प्रसन्न ठेवल्यानें कर्करोग बरा होतो, असें सांगणारे लोक न बऱ्या झालेल्या रोग्यावर त्याच्याच रोगाचें पाप लादतात. आधींच पिडलेल्या माणसाची अशी विटंबना होऊं नये म्हणून लिहिलेलीं हीं पानें आम्हांस ग्रंथांतील सर्वोत्तम वाटतात.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र इतकें निर्मळ नाहीं. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना ज्या जंतूच्या शोधाबद्दल २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तो जंतु अल्सरचें मोठें कारण आहे. लेखक त्याची योग्य दखल घेतात, तरी शीर्षक जुनीच समजूत वाचकाच्या मनांत रुजवितें. याहून मोठा दोष दृष्टान्ताचा. झेब्र्याला सावकार नसतो. ज्याच्या दारीं सावकार रोज येतो, त्याची चिंता हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे; त्याचा सिंह खरोखरच दाराशीं बसलेला असतो. दारिद्र्य आणि आरोग्य यांवरील उपान्त्य प्रकरण हेंच सांगतें. परंतु लगेच व्यायाम, मित्र आणि मनःशांति यांच्या उपायांनीं ग्रंथ संपतो. या उपायांच्या मर्यादा लेखक कबूल करतात खरे. पण वाचकाच्या स्मरणांत शेवटचें प्रकरण राहतें.

तरीहि हा ग्रंथ अवश्य वाचावा, अशी आमची शिफारस आहे. मात्र शेवटचीं दोन प्रकरणें उलट क्रमानें वाचावींत.